चिमणीवरचा ओपॅसिटी मॉनिटर: ऑफ सीझन ते गळीत हंगाम, कामाच्या नोंदी

यंत्रणा. सहवीज प्रकल्पाचा बगॅसवर चालणारा बॉयलर, ट्रॅव्हलिंग ग्रेट (जळणाची सरकती जाळी), त्यामागे ईएसपी (विजेच्या भाराने धूळ पकडणारे यंत्र), आयडी फॅन (धूर ओढून चिमणीत ढकलणारा पंखा) आणि आरसीसी चिमणी. ठिकाण कोल्हापूर परिसर. मॉनिटरच्या पातळीवर चिमणीचा आतला व्यास ३.२ मीटर, तोंडाशी २.६ मीटर, फ्लँज ते फ्लँज अंतर ४.४ मीटर. ओपॅसिटी म्हणजे धुराने किती टक्के प्रकाश अडवला ते, आणि ती मोजणारा हा मॉनिटर दुहेरी मार्गाचा आहे. एका बाजूच्या ट्रान्ससीव्हरमधून हिरव्या एलईडीचा प्रकाश निघतो, समोरच्या परावर्तकावर आपटून त्याच वाटेने परत येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये १७ प्रवर्गांतल्या उद्योगांना ऑनलाइन मोजणीचे निर्देश दिले, त्यात साखर उद्योग आहे. धूलिकणांची मर्यादा २०१६ च्या अधिसूचनेनुसार १५० मिग्रॅ प्रति नॉर्मल घनमीटर.

या नोंदींत एक गोष्ट वारंवार येईल. हे यंत्र धूळ मोजत नाही, प्रकाश किती अडला तेवढेच मोजते. स्क्रीनवर दिसणारे मिलिग्रॅम आपण दिलेल्या आकड्यांवरून काढलेले असतात, आणि ते आकडे चुकले तर यंत्र कितीही महागडे असले तरी उपयोग नाही.

१८ ऑगस्ट

ट्रान्ससीव्हर आणि परावर्तक दोन्ही उतरवून वर्कशॉपमध्ये आणले. फ्लँजची तोंडे ब्लँक प्लेट आणि गॅस्केट लावून बंद केली. ईएसपीच्या हॉपरची सफाई सुरू आहे. बॉयलर बंद असतानाही चिमणीत राख तरंगते आणि उघड्या पोर्टमधून (मॉनिटर बसवायच्या भोकातून) बाहेर येऊ शकते.

परावर्तकाच्या काचेवर कडेने करडा थर होता, ट्रान्ससीव्हरची काच त्या मानाने स्वच्छ. साफ करताना आधी ब्लोअर बल्बने राख उडवायची, मग लेन्स पेपरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मधून कडेकडे पुसायचे. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते. कोरड्या कापडाने घासले की काचेवर बारीक ओरखडे पडतात आणि ते नंतर कायमची ओपॅसिटी म्हणून मोजले जातात. वेस्ट कॉटन या कामाला अजिबात वापरू नये.

२२ ऑगस्ट

क्लिअर पाथ झीरो. सगळ्या कॅलिब्रेशनचा पाया हाच, म्हणून यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवला.

दोन पक्के स्टँड घेऊन त्यांवर ट्रान्ससीव्हर आणि परावर्तक बरोबर ४.४ मीटरवर बसवले. इथे अंतर फ्लँज ते फ्लँजच घ्यायचे, कारण परत येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता त्यावर ठरते. खोलीत वेल्डिंग, ग्राइंडिंग बंद, पंखे बंद. यंत्र तासभर तापू दिले. साइटमधून (रेषा जुळवण्याच्या झरोक्यातून) बघून परतीचा ठिपका क्रॉसच्या मध्यावर आणला आणि मग झीरो सेट केले.

हे चिमणीवरच का करू नये? बॉयलर बंद असला तरी आतली हवा निर्मळ असते याची खात्री कोण देणार? हॉपर झाडताना, डक्टवर हातोडा पडला तरी, राख तरंगते. तेव्हा सेट केलेल्या झीरोत ती राख कायमची वजा होते आणि हंगामभर यंत्र कमी दाखवते.

क्लिअर पाथ झीरो मिळाल्यावर परावर्तक बाजूला करून ट्रान्ससीव्हरवर झीरो जिग लावली. जिगमध्ये छोटा परावर्तक आणि पुढे कमीजास्त उघडणारी आयरिस असते. वाचन ०.० टक्के येईपर्यंत आयरिस फिरवून तिचा स्क्रू लॉक केला आणि त्यावर रंगाचा ठिपका मारला. आता चिमणीवर उभे राहून हीच जिग लावली की वर्कशॉपचा झीरो तिथे मिळतो. जिग त्याच ट्रान्ससीव्हरपुरती असते, दुसऱ्या चिमणीच्या यंत्राला चालत नाही.

२३ ऑगस्ट

मार्गलांबी गुणक भरला. तोंडाशी दिसणारी ओपॅसिटी हवी असते तेव्हा तोंडाचा व्यास भागिले मॉनिटरच्या जागी वायूचा मार्ग, म्हणजे २.६ ÷ ३.२ = ०.८१२५. मॉनिटरच्या जागी २० टक्के ओपॅसिटी असेल तर ट्रान्समिटन्स (आरपार गेलेला प्रकाश) ०.८०. त्याचा ०.८१२५ वा घात ०.८३४, म्हणून तोंडाशी १६.६ टक्के.

इथे भागाकारात ४.४ घालू नये. पोर्टच्या पाइपात पर्जची (काचेवर राख बसू नये म्हणून ब्लोअरने फुंकलेली) स्वच्छ हवा असते, धूर नसतो, त्यामुळे धुराचा मार्ग ३.२ मीटरच. ४.४ घातले तर गुणक ०.५९१ होतो आणि तेच २० टक्के १२.४ दिसतात. मॅन्युअलमध्ये दोन्ही अंतरांना नुसते "पाथ लेंथ" म्हटलेले असते, म्हणून पॅनेलच्या दारावर दोन्ही आकडे वेगळे लिहून चिकटवले.

मग फिल्टर तपासणी. न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर तीन, प्रमाणपत्र वर्षाच्या आतले. प्रमाणपत्रावरच्या एकेरी (प्रकाश एकदाच आरपार जातानाच्या) किमती १०.२, २०.४ आणि ४०.१ टक्के. यंत्र तोंडाशी दुरुस्त केलेली ओपॅसिटी दाखवत असल्याने अपेक्षित वाचन ८.४, १६.९ आणि ३४.१. फिल्टरवरचा आकडा आणि स्क्रीन थेट ताडून पाहिले तर उगाच यंत्रात खोट दिसते.

प्रत्येक फिल्टरची पाच वाचने, पण एकाच फिल्टरची सलग नाहीत: कमी, मध्यम, जास्त, पुन्हा कमी. असे केल्याने फिल्टर बसवण्यातला फरकही आकड्यांत उतरतो. मधल्या फिल्टरची वाचने १७.३, १७.५, १७.२, १७.४, १७.६. सरासरी फरक ०.५, प्रमाण विचलन ०.१६. पाच वाचनांसाठीचा सांख्यिकीय गुणक २.७७६ गुणिले ०.१६ भागिले पाचाचे वर्गमूळ, म्हणजे ०.२. एकूण त्रुटी ०.७ टक्के. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या परफॉर्मन्स स्पेसिफिकेशन-१ मध्ये ३ टक्क्यांची मर्यादा आहे, आम्ही तीच धरतो.

फिल्टर खाचेत किंचित तिरका बसला पाहिजे. अगदी काटकोनात बसला तर त्याच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश थेट डिटेक्टरवर जातो आणि ओपॅसिटी कमी दिसते. फिल्टर कडेनेच धरायचा. बोटाचा ठसा उमटला तर त्या दिवशीचे वाचन रद्द.

२ सप्टेंबर

पोर्टचे पाइप तपासले. दोन्ही पाइप चिमणीच्या आत थोडे उतरते हवेत, म्हणजे दव आणि पावसाचे पाणी आत निथळते, काचेकडे येत नाही. परावर्तकाच्या बाजूचा पाइप राखेने एक तृतीयांश बुजला होता, तो सळईने मोकळा केला.

जागेबद्दल: धुराचा डक्ट चिमणीत शिरतो तिथून मॉनिटर व्यासाच्या आठपट वर, म्हणजे निदान २५.६ मीटरवर, आणि तोंडापासून किमान दोन व्यास खाली. यापेक्षा खाली घ्यायची वेळ आली तर प्रकाशाची रेषा डक्टच्या वळणाच्या प्रतलातच ठेवावी. वळणानंतर जड कण बाहेरच्या बाजूला लोटले जातात. रेषा त्या दाट आणि विरळ भागांना आडवी छेदून गेली तरच सरासरी खरी येते. अनेक ठिकाणी जिन्याजवळ सोयीचे म्हणून पोर्ट काढलेले दिसतात, त्यांच्याकडून खऱ्या सरासरीची अपेक्षा करता येत नाही.

धुराचा नमुना घेण्याचे पोर्ट मॉनिटरच्या पातळीवर नको, थोडे वर किंवा खाली हवेत. नाहीतर नमुना घेताना प्रोब प्रकाशाच्या आड येतो आणि लॉगरवर (वाचने नोंदवणाऱ्या यंत्रावर) मोठे शिखर उमटते.

९ सप्टेंबर

पर्ज ब्लोअर. मोटर बेअरिंग बदलले, फिल्टर नवा टाकला, होज पाइपचे सगळे क्लिप घट्ट केले. ब्लोअरची सक्शन बगॅस यार्डाच्या बाजूला होती. पश्चिमेच्या वाऱ्याला भुसा उडून फिल्टर चोंदत असे. सक्शनला पाइप जोडून तोंड चिमणीच्या आडोशाला नेले. मॅन्युअल फिल्टर महिन्याने बदला म्हणते, हंगामात यार्ड भरलेले असताना आठवड्याने तपासावे.

ब्लोअरचा वीजपुरवठा इमर्जन्सी बोर्डवर घेतला. नाहीतर प्लँट ट्रिप झाला की ब्लोअर थांबतो, नेमक्या त्याच वेळी आयडी फॅनही थांबून गरम, धुळीचा वायू पोर्टात परततो. त्यासाठीच फेल-सेफ शटर (पर्जची हवा थांबली की आपोआप पडून काच झाकणारी झडप) असतात. दोन्ही शटर हाताने पाडून पाहिले. हवा बंद केल्यावर खटकन पडले पाहिजेत, राख बसली असेल तर अर्ध्यात अडकतात.

२० सप्टेंबर

लूप तपासणी, म्हणजे मॉनिटर ते लॉगर सिग्नल बरोबर पोचतो का ते. मॉनिटरचे आउटपुट ०–५० टक्क्यांना ४–२० मिलिॲम्पिअर. कॅलिब्रेटरने ४, ८, १२, १६, २० दिले, लॉगरवर ०, १२.५, २५, ३७.५, ५० आले. लॉगरची पट्टी ०–१०० असेल तर १० टक्क्यांचे २० दिसतात. उलट प्रकार झाला तर निम्मे दिसतात, आणि कमी दिसणाऱ्या आकड्याची तक्रार कोणी करत नसल्याने ते वर्षानुवर्षे तसेच राहते.

लॉगर ४ मिलिॲम्पिअरच्या खालचे वाचन शून्यात कापत होता, ते बंद केले. झीरो उणे सरकला तर तो दिसायला हवा. सर्व्हरला १५ मिनिटांची सरासरी जाते, पण स्थानिक लॉगरमध्ये १ मिनिटाची माहिती ठेवली. पुढे सहसंबंध काढताना हीच लागते. लॉगर, डीसीएस (प्लँटची संगणकीय नियंत्रण यंत्रणा) आणि मॉनिटर या तिघांची घड्याळे एकत्र लावली.

२४ ऑक्टोबर

बॉयलर अग्निप्रदीपन. पर्ज ब्लोअर आदल्या दिवशीच सुरू करून ठेवला. धुराचे तापमान दवबिंदूच्या वर जाईपर्यंत ओपॅसिटी ३०–४० टक्क्यांत फिरत होती. त्यात ओलसर धूर आहे, अर्धवट जळण आहे आणि ईएसपीही अजून चार्ज केलेला नाही. या काळाला लॉगरमध्ये "स्टार्ट-अप" असा स्टेटस लावला. माहिती पुसायची नाही, तिच्यावर खूण करायची.

तापमान स्थिरावल्यावर पांढरा लोट दिसतो तो वाफेचा. बगॅसमध्ये ५० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, धुरात चोवीस-पंचवीस टक्के वाफ. दीडशे अंशांना ती अदृश्य असते, मॉनिटरला दिसत नाही. चिमणीच्या तोंडाबाहेर निवली की गावाला पांढरा धूर दिसतो. डोळ्यांना दिसणारा धूर आणि मॉनिटरचा आकडा जुळत नाहीत म्हणून फोन येतात, त्यांना हेच उत्तर द्यायचे. वेट स्क्रबर असलेल्या चिमणीत मात्र पाण्याचे थेंब मार्गातच असतात आणि ओपॅसिटी मॉनिटर त्यांना धूळच समजतो. तिथे हे यंत्र लावूच नये.

२८ ऑक्टोबर

गरम स्थितीत अलाइनमेंट पुन्हा पाहिले. चिमणी तापली की फ्लँज थोडे हलतात. ठिपका क्रॉसच्या कडेला गेला होता, चार बोल्टांवर हलवून मध्यावर आणला. अलाइनमेंट ढळले की परतीचा प्रकाश घटतो आणि धूर नसताना ओपॅसिटी वाढते.

५ ते ११ नोव्हेंबर

ड्रिफ्ट चाचणी, म्हणजे वाचन आपोआप सरकते का ते, सात दिवस, रोज सकाळी त्याच वेळी अंतर्गत झीरो आणि अपस्केल (यंत्रातच असलेली शून्याची आणि वरच्या ठरावीक आकड्याची तपासणी). मधे हात लावला नाही. झीरो ड्रिफ्ट जास्तीत जास्त ०.६, अपस्केल ०.९. मर्यादा २ टक्के. काचेच्या मळाची भरपाई पहिल्या दिवशी ०.२, शेवटच्या दिवशी ०.५. ही भरपाई ४ टक्क्यांवर गेली की काच साफ केल्याशिवाय वाचन धरायचे नाही.

१० ते १२ डिसेंबर

आयसोकायनेटिक (धुराच्या वेगानेच ओढून घेतलेले) नमुने, भारतीय मानक आयएस ११२५५ भाग १ प्रमाणे. मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वेगवेगळ्या लोडवर, प्रत्येक लोडला तीन नमुने, आणि पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोड ६०, ८० आणि १०० टक्के. प्रत्येक लोडवर बॉयलर स्थिर झाल्यावरच थिंबल (धूळ पकडणारी गाळणी) आत. आयसोकायनेटिक प्रमाण ९० ते ११० टक्क्यांबाहेर गेलेला नमुना बाद. नमुना चालू असताना सूट ब्लोइंग (बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी फुंकून काढणे) नाही, पण रोजच्या माहितीत सूट ब्लोइंग धरायचेच, ते उत्सर्जनच आहे.

नुसत्या लोडने धूळ फारशी बदलत नाही, ईएसपी ती सपाट करतो. सगळे बिंदू एका जागी गोळा झाले तर त्यांतून रेषा कशीही काढता येते. म्हणून १०० टक्के लोडला मंडळाला आधी कळवून ईएसपीच्या शेवटच्या फील्डचे (विभागाचे) व्होल्टेज उतरवले, मर्यादेच्या आत राहून.

सरासऱ्या अशा. ६० टक्के लोड: मॉनिटरच्या जागी ओपॅसिटी ५.१, धूळ २८ मिग्रॅ प्रति प्रत्यक्ष घनमीटर. ८० टक्के: ७.४, धूळ ४०. १०० टक्के: ९.६, धूळ ५२.

धुळीशी सरळ रेषेत वागते ती ऑप्टिकल डेन्सिटी, ओपॅसिटी नाही. ट्रान्समिटन्सचा लॉग घेऊन उणे चिन्ह काढले की ०.०२२७, ०.०३३४, ०.०४३८. शून्यातून जाणाऱ्या रेषेचा उतार ११९७, वापरायला १२००. यासाठी तोंडाशी दुरुस्त केलेला आकडा घ्यायचा नाही, मॉनिटरच्या मार्गाचाच घ्यायचा.

आता नॉर्मल घनमीटर. यंत्र गरम, ओला, स्थानिक दाबाचा वायू पाहते. मर्यादा आहे २५ अंश, ७६० मिमी पारा आणि कोरड्या वायूची. धूर १५० अंश, म्हणून ४२३ ÷ २९८ = १.४२. वाफ २४ टक्के, म्हणून भागिले ०.७६. तिसरा गुणक हमखास राहतो: दाब. कोल्हापूर परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथे दाब ७१२ मिमीच्या जवळपास, म्हणजे ७६० ÷ ७१२ = १.०६७. तिन्ही मिळून १.९९. पूर्ण लोडचे ५२ मिग्रॅ होतात १०४ मिग्रॅ प्रति नॉर्मल घनमीटर. दाब विसरला तर ९७ दिसतात. कोकणातल्या चिमणीवर हा फरक जवळपास नसतो, पठारावर सात टक्के असतो. तापमान थेट थर्मोकपलवरून घेतले, वाफ आणि दाब हाताने भरलेले स्थिरांक. संमतिपत्रात १२ टक्के कार्बन डायऑक्साइडला दुरुस्ती लिहिली असेल तर चौथा गुणक लागतो.

१६ जानेवारी

पंधरा दिवसांत ओपॅसिटी ७ वरून ११ वर चढली, पायरी नाही, सावकाश चढ. ईएसपीचे करंट जागच्या जागी, लोड तोच, काचेची भरपाई १.२ टक्के, झीरो बरोबर, अपस्केल बरोबर.

मिल ब्रेकडाउनला बॉयलर थोडा वेळ विझवला, आयडी फॅन चालू ठेवला. वाचन शून्याजवळ यायला हवे होते, ४ टक्क्यांवर अडकले. तेव्हाच दोष कुठे हे कळते: परावर्तक. अंतर्गत झीरोचा आरसा ट्रान्ससीव्हरच्या पुढ्यातच पडतो, त्यामुळे मळाची भरपाई फक्त त्या बाजूच्या काचेची होते. समोरच्या काचेवर बसलेली राख यंत्राला धूरच वाटते आणि रोजची चाचणी बिनदिक्कत पास होते.

कारण वाय-जोडाजवळ परावर्तकाकडच्या होजला गेलेली चीर. हवा तिथून बाहेर जात होती. होज बदलला, काच साफ केली, वाचन ७ वर. खोट्या ४ टक्क्यांची किंमत काढून ठेवली: डेन्सिटी ०.०१७७, गुणिले १२००, गुणिले १.९९, म्हणजे ४२ मिग्रॅ. दीडशेच्या मर्यादेत हे फार मोठे आहे. यापुढे दोन्ही फांद्यांवर वेगवेगळे फ्लो स्विच.

१४ फेब्रुवारी

पंधरवड्याची तुलना: मॉनिटर ७८, नमुना ९६. मागच्या वेळीही मॉनिटर असाच कमी होता. लागोपाठ दोनदा १० टक्क्यांहून जास्त फरक, म्हणजे नव्याने कॅलिब्रेशन.

आधी यंत्र पाहिले: जिगवर झीरो ०.१, तिन्ही फिल्टर बरोबर. दोष यंत्रात नव्हता, धूळ बदलली होती. बगॅसची ओल ५३ टक्क्यांवर गेली होती, सोबत पाचटही येत होते. थिंबलमध्ये करड्या राखेऐवजी काळे, हलके, मोठे कण. न जळलेला कोळसा ईएसपीच्या प्लेटवर टिकत नाही. त्याचा विद्युतरोध कमी असल्याने तो भार लगेच सोडतो आणि रॅपिंगला (प्लेट ठोकून झाडताना) पुन्हा प्रवाहात येतो. कण मोठे झाले की तेवढ्याच वजनात प्रकाश अडवणारे क्षेत्रफळ कमी होते, म्हणून वजन वाढूनही ओपॅसिटी तितकी वाढत नाही.

एका जोडीवरून उतार १२०० × ९६ ÷ ७८ = १४७७ असा परस्पर बदलायचा नाही. ग्रेटखालची हवा आणि सेकंडरी एअर दुरुस्त केली, ओल ५० वर आल्यावर तुलना पुन्हा घेतली: ८३ आणि ८८. जुना उतार त्या ओलीला अजून चालतो. पाचट मिश्रणासाठी वेगळे तीन नमुने घेऊन दुसरा उतार काढायचे ठरले, कोणता उतार कधी चालू होता याची नोंद लॉगरमध्ये जाईल. बिगर हंगामात कोळसा जाळायचा झाला तर तिसरा.

२० मार्च

पट्टा पडण्याच्या (हंगाम संपण्याच्या) आत सहामाहीचे आयसोकायनेटिक नमुने उरकून घेतले. डिसेंबरपासून सहा महिने जूनमध्ये भरतात, तेव्हा चिमणीत धूरच नसेल. उतार ११८०, डिसेंबरशी दीड-दोन टक्क्यांचा फरक. १२०० तसाच ठेवला. फिल्टर प्रमाणपत्रासाठी पाठवले. बॉयलर विझल्यावर चिमणी थंड होईपर्यंत पर्ज ब्लोअर बंद करायचा नाही, शिफ्ट इनचार्जच्या वहीत लाल शाईने लिहिले.